शरणक्काची टाच

बीदरकडच्या राजेश्वर गावात मोटारीतून उतरलो तेव्हा माझ्या हातात ट्रंक होती, काखेत वळकटी होती आणि नेमणुकीचा कागद खिशात घामानं भिजला होता. त्याच मोटारीच्या टपावरून एक बाई सुताचं गाठोडं उतरवून घेत होती. पन्नाशीची, उंच, कपाळावर विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. खाली पायांकडं बघितलं, मान जराशी तिरकी केली आणि म्हणाली, "पावणेदहा. नवे मास्तर का तुमी?"

मला वाटलं वेळ सांगतेय. मी म्हणालो, "नाही हो, साडेअकरा झाले असतील."

"घड्याळाचं न्हाई," ती म्हणाली, "पायाचं सांगायले." आणि गाठोडं डोक्यावर घेऊन चालू लागली.

ही शरणम्मा. गाव तिला शरणक्का म्हणायचं. आईबापांनी नाव ठेवताना काय मनात धरलं होतं कोण जाणे, पण ती कुणाला शरण गेल्याचं निदान माझ्या बघण्यात नाही. योगायोगानं मला खोली मिळाली ती तिच्याच घराला लागून, बसवण्णाच्या गुडीसमोर, म्हणजे देवळासमोर. मधे एकच भिंत. पाच वर्षं मी त्या भिंतीच्या अलीकडं राहिलो आणि त्या पाच वर्षांत तिनं मला एकदाही नावानं हाक मारली नाही. "पावणेदहा मास्तर, कंदिलात तेल हाय का?" "पावणेदहा मास्तर, भाकर खाल्ली का?" शाळेतली पोरं मागून तेच म्हणायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं, हे पावणेदहा काय प्रकरण आहे. मी म्हणालो, शाळा भरायची वेळ.

तिला माणसांची तोंडं लक्षात राहत नसत, पाय राहत. पोलीस पाटील म्हणजे अकरा इंच. मोटारीचा ड्रायव्हर म्हणजे साडेदहा, डाव्या अंगठ्याला नखुरडं. किराणा दुकानदार गुरपाद, ज्याच्या मिशा कानापर्यंत जात, तो साडेआठ. गुरपादला हे फार लागायचं. एकदा बाजाराच्या दिवशी भर गिऱ्हाइकात तिनं "साडेआठ, शेरभर गूळ दे" म्हटलं, तेव्हा तो काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "अक्का, माणसात तरी नऊ मनत जा."

"कामून? पाय वाढला का तुजा?"

कामून म्हणजे का, कशासाठी. आमच्या भागातला हा अगदी रोजचा शब्द. इतर लोक तो उत्तर हवं असलं म्हणजे वापरतात. शरणक्का तो दार लावून घ्यावं तसा वापरायची. देवळाच्या पंचांनी म्हणावं, अक्का, पालखी जाईपर्यंत यंत्र बंद ठेव; कामून? तलाठ्यानं म्हणावं, नाव नवऱ्याचं लावून अर्ज दे; कामून? त्यावर उत्तर द्यायला लागलं की ती यंत्राचा दांडा फिरवायला घ्यायची आणि त्या खटखटीत समोरच्याचं उत्तर वाहून जायचं.

यंत्र मोजे विणायचं होतं. पोलीस अ‍ॅक्शन होऊन दीड-दोन वर्षं झाली होती, निजामाची अमदानी संपली होती, शाळेत उर्दू सुटून मराठी आणि कानडी आलं होतं. पण राजेश्वरात मोजे घालणारी माणसं तेव्हाही हाताच्या बोटावर मोजण्याइतकीच होती. जोंधळ्याच्या रानात मोजे घालून कोण जातं? तरी त्या घरात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मोजे विणले जात. ठाण्यातले शिपाई, हुमनाबादचे वकील, कल्याणीचे डॉक्टर, थंडीच्या दिवसांत मोटारवाले, असं गिऱ्हाईक कुठून कुठून यायचं.

यंत्र विलायती. तांब्याएवढं लोखंडी नळकांडं, त्याच्या कडेनं उभ्या आकडेवाल्या सुया, बाजूला दांडा. दांडा फिरवला की सुया एकामागून एक वर-खाली होत, सूत ओढून घेत आणि खालून मोज्याची नळी विणून बाहेर येई. नळी कुणीही विणील. मीसुद्धा एकदा वीतभर विणली. खरी विद्या टाचेत. टाच आली की दांडा पुरा फिरवायचा नाही. अर्धा पुढं, अर्धा मागं. दर फेरीला एक सुई हातानं वर उचलून ठेवायची आणि अर्धं काम झालं की त्याच सुया एकेक करून पुन्हा कामाला घ्यायच्या. एक सुई चुकली तर टाचेला भोक. शरणक्का सुया कानडीत मोजायची, ओंदू, येरडू, मूरू, भांडायची मराठीत, आणि अंमलदार आला तर दखनी उर्दूत. टाच चालू असताना मात्र तिन्ही भाषा बंद. दारात आग लागली म्हणून सांगितलं असतं तरी तिनं मोजून झाल्यावरच मान वर केली असती.

माप द्यायला येणाऱ्यानं आधी पाय धुवायचे, हा तिचा नियम. दाराशी एक दगड होता, शेजारी घागर आणि तांब्या. पाय धुऊन दगडावर उभं राहायचं, मग ती खाली बसून खिळ्यांच्या खुणा केलेली लाकडी पट्टी लावायची. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला एक जवान नव्यानं पोलिसात भरती झाला होता. तो मापाला आला आणि दगडाच्या अलीकडंच थांबला. "कामून उभारलास? धू पाय," ती म्हणाली. त्यानं धुतले. तिनं त्याचा पाय हातात घेऊन सगळ्यांचं घेते तसंच माप घेतलं. दुसऱ्या दिवशी दोन म्हातारे तिला समजावायला आले. हे बरं दिसत नाही म्हणाले. "कामून? धुतले की त्यानं पाय," ती म्हणाली आणि त्यांच्या पायांकडं बघितलं. "तुमी दोगं कवा धुतलाव?"

नवे अमीनसाहेब आले तेव्हाही तेच. अमीन म्हणजे आपला फौजदार. निजामाच्या वेळचा शब्द, लोकांच्या तोंडून गेला नव्हता. हे वऱ्हाडाकडचे, बुटांची फार हौस. दोन शिपाई मागं घेऊन आले, बाजेवर बसले आणि बुटासकट पाय तिच्यापुढं केला.

"पाय धुवा," शरणक्का म्हणाली.

"बाई, मी कोण आहे माहीत आहे ना?"

"व्हय. अमीन. पाय धुवा."

"आणि नाही धुतले तर?"

"तर मोजा न्हाई."

मागचे दोन्ही शिपाई आभाळात काहीतरी शोधू लागले. मी माझ्या दारात पुस्तक धरून उभा होतो, पान उलटायचं विसरलो. अमीनसाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं, बूट काढले, दगडावर गेले आणि स्वतः घागरीतून पाणी ओतून घेऊन पाय धुतले. पंधरा दिवसांनी मोजे त्यांच्या पायात आले. त्यानंतर ते गावात कुठंही भेटले तरी शरणक्काला आधी नमस्कार करायचे.

आता तिच्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. सिद्रामप्पा. पांढऱ्या मिशांचा, उंच, बोलणं इतकं हळू की आपणच पुढं झुकावं. कारागीर मूळ ते. हैदराबादेत मोज्यांच्या कारखान्यात पंधरा वर्षं काम करून, हे यंत्र घेऊन ते गावी परतले होते. जहागीरदारांच्या घरचे मोजे त्यांच्या हातचे. आणि मी आलो तेव्हा हा माणूस घराच्या कोपऱ्यात रहाटाशी बसून कांड्या भरायचा. म्हणजे सुताची लडी उलगडून ते लाकडी कांडीवर गुंडाळायचं, तिनं ते यंत्राला लावायचं. हे काम विणकराच्या घरात म्हाताऱ्या बायका करतात.

हे कसं झालं ते गुरपादनं मला पहिल्याच आठवड्यात, गूळ जोखता जोखता सांगितलं. बाजाराचा दिवस होता. सिद्रामप्पा यंत्रावर बसलेले, दारात पाचपन्नास माणूस. शरणक्का आतून आली आणि भर माणसात नवऱ्यावर ओरडली, "ऊठ तितून. तुज्यापरीस मला बरं येतंय. आजपासून मशीन माजी. तू कांड्या भर." खांद्याला धरून तिनं त्यांना उठवलं आणि आपण बसली. "अन् त्यो बिचारा उटला," गुरपाद म्हणाला. "गड्यानं चार थोबाडीत मारायच्या का न्हाई? उटला अन् कोपऱ्यात जाऊन बसला. तवापासून तितंच हाय."

गावानं याचा निकाल कधीच लावून टाकला होता. बाई खट. नवऱ्याची विद्या खाल्ली आणि नवऱ्यालाच नोकर केलं. नवऱ्याला चारचौघांत "तू" म्हणायची, हे तर बायकांनाही सहन होत नसे. मला भिंतीतून दिवसभर ऐकू यायचं. "कांडी भरायलास का झोपायलास?" "दोनच झाल्या? मी काय वाऱ्याचा मोजा विणू?" आणि त्यावर सिद्रामप्पांचा एवढासा आवाज, "व्हय, भरायलो की." मला त्यांची दया यायची. संध्याकाळी ते गुडीच्या पायऱ्यांवर येऊन बसत, तेव्हा मी मुद्दाम त्यांच्याशी चार शब्द बोलायचो.

तर अमीनसाहेबांना मोजे आवडले. त्यांनी वर लिहून पाठवलं की जिल्ह्यातल्या शिपायांचे गुडघ्यापर्यंतचे खाकी मोजे इथूनच घ्यावेत. बीदरहून उलट कागद आला. शहरातल्या व्यापाऱ्याकडं बिनटाचेचा मोजा मिळतो, सरळ नळी, कुठल्याही पायात बसते आणि लवकर तयार होते. तसाच करून देत असाल तर काम मिळेल. सोबत नमुना होता.

अमीनसाहेब स्वतः तो नमुना घेऊन आले. शरणक्कानं तो दोन बोटांत धरून उचलला, त्यात हात घातला, कोपरापर्यंत गेला.

"ह्येला काय मनायचं?"

"मोजा," अमीनसाहेब जरा दबकत म्हणाले.

"टाच कुटं हाय?"

"नाही. तेच तर. टाच न करता तुम्हाला दिवसाला दुप्पट जोड्या होतील. करून टाका ना."

"कामून? माणसाची टाच काडून टाकली का सरकारनं?"

दुसऱ्या दिवशी ती बीदरला निघाली. कचेरीत बोलायला कुणीतरी हवं म्हणून मला बरोबर घेतलं. खरं सांगायचं तर मला बोलायची वेळ आलीच नाही. मोठ्या साहेबांच्या चपराश्यानं सांगितलं, आज भेट नाही. ती कचेरीच्या पायरीवर बसली. त्यानं सांगितलं, इथं बसायचं नाही. तिनं विचारलं, कामून? तो आत विचारायला गेला आणि बाहेर आलाच नाही. मला शाळेतल्या पोरांची काळजी लागली होती आणि थोडी माझ्या नोकरीचीही. मी म्हणालो, "अक्का, उठा. सरकारी जागा आहे, उगाच काहीतरी होऊन बसेल."

"तुमी जावा. मी हाय."

मी गेलो नाही, पण दोन पायऱ्या खाली सरकून बसलो.

दुपारी मोठे साहेब जेवायला निघाले. गोरे, लठ्ठ, चालताना जरा लंगडत. शरणक्का उठून बाजूला झाली नाही. तिनं त्यांच्या बुटांकडं पाहिलं.

"साडेदहा," ती म्हणाली. "पर उजवा पाय सूतभर मोटा हाय. उजवा बूट चावतोय तुमाला. कवाधरून?"

साहेब थांबले. म्हणाले, "लहानपणापासून. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पायानं."

मग तिनं पिशवीतून दोन मोजे काढले. एक तिचा टाचेचा, एक व्यापाऱ्याचा. एका पायात हा घाला, दुसऱ्यात हा, संध्याकाळपर्यंत फिरा, मग सांगा. साहेबांना आज ठाण्यांची पाहणी करायची होती. त्यांनी काय विचार केला मला माहीत नाही. कदाचित आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या उजव्या बुटाबद्दल आपुलकीनं बोललं होतं. त्यांनी आत जाऊन मोजे घातले. पाय मात्र धुतले नाहीत, आणि तिनंही त्या दिवशी तेवढं चालवून घेतलं. आम्ही पायरीवरच शेंगा खात बसलो. दिवस कलताना साहेब परतले ते मघापेक्षा जास्त लंगडत. बिनटाचेचा मोजा घसरून, बुटात गोळा होऊन तळपायाखाली बसला होता. त्यांनी तिथंच पायरीवर बसून तो काढला आणि चपराश्याकडं टाकला. "टाच पाहिजे," एवढंच म्हणाले.

वर्षभर शिपायांचे मोजे राजेश्वरहून गेले. आणि ते बघूनच सोलापूरचा कारखानदार आला.

तो स्वतःच्या मोटारीतून आला, त्यामुळं सगळं गाव गुडीसमोर जमलं. चांगला माणूस होता. त्यानं न सांगता पाय धुतले, याची नंतर बराच काळ चर्चा झाली. त्यानं मोजा हातात घेऊन टाच उलटसुलट बघितली आणि म्हणाला, "अक्का, माझ्या कारखान्यात तीस बाया आहेत. एकीलाही अशी टाच येत नाही. तुम्ही चला. बायांना शिकवा. राहायला दोन खोल्या, घरात वीज, नळाचं पाणी, महिन्याला पगार. यजमानांनाही घेऊन या, त्यांनी आरामात बसून खावं."

घरात नळ म्हणजे काय हे निम्म्या लोकांनी ऐकलंही नव्हतं. मला दिसलं की शरणक्काला ते आवडलंय. तीस बाया समोर बसल्यात आणि आपण सुया मोजतोय, हे तिच्या डोळ्यांपुढं आलं असावं. तिनं चार प्रश्न विचारले. यंत्रं किती, सुया कितीच्या, सूत कुठलं. शेवटी विचारलं, "कांड्या कोण भरतंय तितं?"

"माणूस लागत नाही अक्का," कारखानदार अभिमानानं म्हणाला. "विजेचं यंत्र आहे. शंभर कांड्या एका वेळी भरतं."

शरणक्कानं मोजा त्याच्या हातातून घेतला, घडी केली आणि म्हणाली, "मी न्हाई येत."

तो बिचारा चकित झाला. त्यानं खूप विनवलं, आठ दिवस विचार करा, पत्रानं कळवा म्हणाला, पत्ता देऊन गेला. ते आठ दिवस तिला गावानं सुखानं जेवू दिलं नाही. पाटील सांगून गेला. पंच सांगून गेले. गुरपाद तर रोज यायचा. ती एकेकाला एकेक कारण सांगायची. सोलापूरचं पाणी बाधतं. विजेवर विणलेला मोजा पायाला ओळखत नाही. नऊ इंचाच्या माणसाच्या हाताखाली मी काम करायची नाही. मीही समजावायला गेलो. म्हणालो, "अक्का, सिद्रामप्पांचा तरी विचार करा. या वयात त्यांना आराम मिळेल."

"तुमी पत्र लिवायला आलाव का शिकवायला?" ती म्हणाली.

मी पत्र लिहायला बसलो. तिनं सांगितलं तसंच लिहिलं. "आमी येत न्हाई. आमाला कुणाच्या हाताखाली काम करायची सवय न्हाई अन् लावून घ्यायची न्हाई. तुमच्या बायांना टाच शिकायची असंल तर हितं पाठवा. मी शिकवीन. येताना त्येंनी माझं ऐकायच्या तयारीनं यावं. तुमचं सूत बरं न्हाई, दुसरं घ्यावं."

गाव म्हणालं, माज. कारखानदारानं मात्र दोन बाया खरंच पाठवल्या. महिनाभर त्या शरणक्काकडं राहिल्या, रोज रडल्या आणि टाच शिकून गेल्या. जाताना एकीनं तिचे पाय धरले, तर ही म्हणाली, "आठ. तुला लहान माप जमंल."

एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता दोघंही नाहीत, म्हणून लिहितो.

पत्र लिहून झालं त्या संध्याकाळी ती सही न करताच उठली होती. सोलापूरकडची पहिली मोटार पहाटे जायची. म्हणून तांबडं फुटायच्या सुमाराला मी पत्र घेऊन तिच्या दारात गेलो. दार उघडंच होतं. बाजेवर सिद्रामप्पा भिंतीकडं तोंड करून झोपले होते. उंबऱ्याशी, जिथं थोडा उजेड येत होता तिथं, शरणक्का रहाट घेऊन बसली होती. पुढ्यात काल भरलेल्या कांड्यांची टोपली. एक कांडी घ्यायची, तिच्यावरचं सगळं सूत उलगडायचं, आणि तेच सूत पुन्हा त्याच कांडीवर भरायचं. टोपली निम्मी झाली होती.

मी म्हणालो, "अक्का, भरलेल्या कांड्या—"

"हळू बोला," ती म्हणाली. "उटतील ते."

मी तिथंच उभा राहिलो. ते. चार वर्षांत मी तिच्या तोंडून नवऱ्यासाठी हा शब्द ऐकला नव्हता.

"बगत कामून उभारलाव? ह्ये टोक धरा."

मी टोक धरलं. सूत कुठं घट्ट दाबून बसलेलं होतं, कुठं इतकं ढिलं की बोट आत जावं. ती खाली मान घालून म्हणाली, "हात ऱ्हात न्हाई त्येंचा. हे असं मशीनला लावलं की तुटतंय."

"मग त्यांना सांगत का नाही? तुम्हीच भरल्या तर एकदाच भरून होतील."

तिनं माझ्याकडं पाहिलं. वर्गात अगदी साध्या प्रश्नावर अडलेल्या पोराकडं मी बघतो, तसं. "त्येंनीच शिकिवलंय मला सगळं," ती म्हणाली. आणि रहाट फिरवत, "तितं विजेवर भरत्यात कांड्या. आराम करा मनला त्यो. दिवसभर दुसऱ्याच्या घरात हात मांडीवर घिऊन बसायचं का त्येंनी?"

शेवटची कांडी भरून झाली. तिनं रहाट कोपऱ्यात जागेवर नेला आणि टोपली त्याच्या उजव्या बाजूला, होती तशीच ठेवली. पत्रावर कानडीत सही केली. मी मोटारीवर देऊन येतो म्हणालो, तर म्हणाली, "कामून? मला पाय न्हाईत का?" आणि पत्र घेऊन निघून गेली.

मीही निघणार होतो, तेवढ्यात बाजेवरून आवाज आला, "गेली का?"

सिद्रामप्पा उठून बसले. डोळ्यांत झोपेचा मागमूस नव्हता. त्यांनी उशाचं उपरणं घेतलं आणि अंगावर ओढलं, तेव्हा त्यांचे हात मी पहिल्यांदा नीट बघितले. दोन्ही हात थरथरत होते, थंडीनं थरथरावेत तसे, आणि थंडी नव्हती.

"तुम्हाला माहीत आहे?" मी विचारलं.

"रोजच तिच्या आदी जाग येती मला. पडून ऱ्हातो. तिचं होईस्तोवर."

"मग बोलत का नाही? तिचे कष्ट तरी वाचतील."

ते जरा हसले. "बोललो तर मी दिवसभर काय करू मास्तर? अन् ती कुणावर वरडंल?"

मग त्यांनी आपणहून सांगितलं. मी गावात यायच्या आदल्या साली मोठा ताप येऊन गेला होता, तेव्हापासून हात हलायला लागले होते. घरात दोघांनाच ठाऊक. बाजाराच्या त्या दिवशी दारात माणसं असताना ते टाच करायला बसले आणि सुई बोटात धरेना. एक निसटली, दुसरी निसटली. पुढचे लोक वाकून बघायला लागले. "अजून दोन सुया गेल्या असत्या तर सगळ्या गावाला कळलं असतं," ते म्हणाले. "सिद्रामप्पाचा हात गेला मनले असते. कीव केली असती समद्यांनी. तवा ती आतून वरडत आली. सगळं गाव तिच्याकडं बगाय लागलं. माज्या हाताकडं कुणी बगितलं न्हाई."

चार वर्षं मी गुडीच्या पायरीवर या माणसाशी दया म्हणून बोललो होतो आणि भिंतीपलीकडच्या बाईला मनातल्या मनात नावं ठेवली होती.

गल्लीच्या तोंडाशी तिचा आवाज आला. गुरपाद दुकानाची फळी काढत होता, दोघी-तिघी पाण्याला निघाल्या होत्या, त्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. "उटलास का अजून लोळायलास? उजाडलं की. कालच्यानं चारच कांड्या भरल्यास, आज काय करतूस बगते."

"उटलो की," सिद्रामप्पा म्हणाले आणि रहाटाशी जाऊन बसले.

ती आत आली, मला "शाळा न्हाई का आज?" म्हणाली, टोपलीतली एक कांडी उचलून यंत्राला लावली आणि बसली. सिद्रामप्पांच्या हातातून लडीचं टोक दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा कांडीला लागलं. तिनं वळून बघितलं नाही. ती रोज अशीच, त्यांच्याकडं पाठ करून बसायची, आणि खोलीतला सगळा उजेड खरं तर तिच्या पाठीमागं, त्यांच्या बाजूला होता.